मोडीतील जुन्या जन्म-मृत्यू नोंदी वाचून घराण्याची माहिती कशी काढावी

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील बहुतेक घराण्यांना आपली वंशावळ पणजोबांपर्यंत तोंडी सांगता येते. त्यापलीकडे ती एकदम रायगडावर किंवा पानिपतावर जाऊन पोहोचते. मधली शंभर-दीडशे वर्षे मोकळीच राहतात. ही वर्षे भरून काढण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे गावोगावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या. महसुली भाषेत त्यांना गाव नमुना चौदा म्हणतात आणि लोक त्यांना कोतवाल बुक या नावाने ओळखतात. या वह्यांचा जुना भाग मोडी लिपीत आहे. मुंबई इलाख्याच्या सरकारने १९१७ मध्ये कारभारात मोडीऐवजी बाळबोध, म्हणजे आजची देवनागरी, वापरण्याचे ठरवले, तरी गावच्या दप्तरात मोडीचा हात पुढेही बरीच वर्षे चालू राहिला. त्यामुळे १९३० च्या आसपासच्या वहीतही एक पान बाळबोध आणि पुढचे पान मोडी असा प्रकार आढळला तर आश्चर्य मानू नये.

मोडीची अक्षरे ओळखता येणे हा या कामाचा निम्माच भाग आहे. उरलेला निम्मा भाग नोंदीचा ठरावीक साचा ओळखण्याचा, आणि कागदावर जे आहे ते व आपल्याला जे सापडायला हवे आहे ते, या दोन गोष्टी शेवटपर्यंत एकमेकींपासून दूर ठेवण्याचा आहे. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचे काम २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना एकदम मागणी आली आणि पुष्कळ कुटुंबांनी या वह्या प्रथमच उघडल्या. पण त्यांतील बहुतेकांनी जातीचा रकाना तेवढा पाहिला आणि वही मिटली. त्याच ओळीत आजीचे नाव, तिच्या सासऱ्याचे नाव आणि तिच्या मरणाचे कारण लिहिलेले असते, याकडे त्यांचे लक्ष गेले नाही.

आधी गाव कोणाच्या अमलाखाली होते ते ठरवा

वही शोधण्यापूर्वी ती कोणत्या दप्तरात असेल याचा अंदाज बांधावा लागतो आणि या भागात तो अंदाज सहजी चुकतो. आजचा सांगली जिल्हा त्या नावाने १९६० पासूनच आहे. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्याला पुढे सांगली हे नाव मिळाले. म्हणून वाळवा, तासगाव किंवा खानापूर तालुक्यातील एकोणिसाव्या शतकातला कागद 'जिल्हे सातारा' अशा मथळ्याखाली असतो, आणि आपले गाव सांगलीत आहे म्हणून तो बाजूला ठेवणारे लोक भेटतात.

त्यातच संस्थानांचे तुकडे आहेत. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाले, पण औंध, फलटण आणि जत ही संस्थाने, तसेच पटवर्धनांची सांगली, थोरली मिरज आणि बुधगावी गादी असलेली धाकटी मिरज ही संस्थाने १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत आपापला कारभार पाहत होती. आटपाडी औंधाकडे होती. एकमेकांना लागून असलेली दोन गावे दोन वेगळ्या अमलांत असणे ही या भागातील नेहमीची स्थिती होती आणि संस्थानी गावच्या वहीचे रकाने इंग्रजी मुलखातल्या वहीसारखेच असतील असे धरून चालता येत नाही. गावातील वृद्धांना 'पूर्वी सारा कुठे भरायचा?' असा प्रश्न विचारला, तर बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळते.

गावाचे नाव पूर्ण घ्यावे. नुसते 'मौजे कवठे' एवढ्यावर शोध घेतला तर कवठे एकंद, कवठे पिरान आणि कवठे महांकाळ ही तिन्ही गावे सांगलीतच समोर येतात, शिवाय वाई तालुक्यातील कवठे वेगळेच. वाठार किरोली, वाठार स्टेशन आणि वाठार निंबाळकर यांचेही तसेच. जुन्या नोंदीत गावानंतर येणारा 'तर्फ' (गावांचा जुना महसुली गट) किंवा 'प्रांत' हा शब्द वाचण्याचा कंटाळा केला, तर पुढचे सगळे श्रम दुसऱ्याच गावच्या घराण्यावर खर्च होतात.

या वह्या सामान्यपणे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात आणि नक्कल अर्जाने मागवता येतात. वही पाहण्याची व छायाचित्र घेण्याची परवानगी मिळाली, तर आपल्या नोंदीचे एकच चित्र घेऊन परतू नये. वहीचे मुखपृष्ठ, वर्षाचा मथळा, नोंदीचे पूर्ण पान आणि त्याच्या आधीची व नंतरची दोन-दोन पाने घ्यावीत. प्रकाश एका बाजूने पडेल असे पाहावे, म्हणजे फिकट शाईचा दाब तरी दिसतो. हीच जास्तीची पाने पुढे वाचनाची किल्ली ठरतात. त्याचे कारण आता सांगतो.

एका हाताची ओळख करून घेणे

मोडी लिहिणारा आधी कागदावर आडवी शिरोरेषा ओढून घेतो आणि मग हात शक्यतो न उचलता तिच्याखाली अक्षरे गुंफत जातो. शब्द तोडलेले नसतात आणि विरामचिन्हे नसतात. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळला जात नाही, अनुस्वार पुष्कळदा गाळला जातो, आणि काना-मात्रा अक्षराला जोडताना मूळ अक्षराचे रूपच बदलते. या कारणांमुळे छापील मोडी बाराखडी पाठ केलेला माणूसही पहिल्या खऱ्या पानापुढे थांबतो. बाराखडी शिकावीच, पुराभिलेख संचालनालयाचे मोडीचे प्रशिक्षण वर्ग होतात, ते करता आले तर उत्तमच. पण गावच्या वहीचा लेखक कुलकर्णी असो की त्याचा गुमास्ता, त्याचा हात त्याचा स्वतःचा असतो, आणि आपल्याला वाचायचा असतो तो तोच.

म्हणून आपल्या नोंदीपासून सुरुवात करू नये. आधी पानावरचे जे शब्द काय आहेत हे न वाचताच ठाऊक आहे, ते शोधावेत. गावाचे नाव वारंवार येते. महिन्यांची नावे क्रमाने येतात आणि त्या काळच्या लिखाणात ती 'आगष्ट', 'सप्टंबर', 'आक्टोबर' अशा रूपांत असतात. 'मयत', 'वय', 'बिन', 'कोतवाल', 'मुलगा', 'मुलगी' हे शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर असतात. या खात्रीच्या शब्दांतून त्या लेखकाचा म, त्याचा ल, त्याचा त, त्याचा काना जोडण्याचा ढंग वेगळा काढून एका कागदावर चिकटवावा. 'आगष्ट' या एका शब्दातून चार अक्षरे हाती येतात, गावाच्या नावातून आणखी तीन-चार. असा तक्ता तयार झाला की मगच आपल्या घराण्याच्या ओळीकडे वळावे. लेखक बदलला, म्हणजे साधारणपणे वळण आणि शाई दोन्ही बदलली, की तक्ता नव्याने करावा. हे काम कंटाळवाणे वाटते, परंतु जो माणूस ते टाळतो तो अक्षर ओळखत नसतो, आडनाव ओळखत असतो. आपले आडनाव डोक्यात घेऊन पानाकडे पाहिले तर ते कुठेही दिसते.

तीन पायऱ्यांचे लेखन

प्रत्येक नोंद तीन वेळा लिहावी आणि तिन्ही रूपे जपून ठेवावीत. हे दाखवण्यासाठी एक नोंद रचून घेतो. ती कोणत्याही वहीतली नाही, पण साचा नेहमीचाच आहे. समजा, तारखेच्या रकान्यात ७ जून १८९७ आहे आणि पुढे मोडीत सलग असे लिहिले आहे:

सगुनाकोमबाळुबीनयेसुवयअजमासे४०पटकीनेमयत

ही पहिली पायरी. इथे आपण काहीही दुरुस्त केलेले नाही. 'न' आहे तिथे 'न'च ठेवला, 'बाळु'चा उकार आहे तसाच ठेवला, शब्द तोडले नाहीत. एखादे अक्षर लागत नसेल तर त्या जागी चौकोन काढावा आणि दोन अक्षरांचा संशय असेल तर दोन्ही लिहावीत.

दुसऱ्या पायरीवर शब्द तोडावेत, संक्षेप उलगडावेत आणि शुद्धलेखन आजचे करावे: सगुणा कोम बाळू बिन येसू, वय अजमासे ४०, पटकीने मयत. 'कोम' म्हणजे अमक्याची बायको आणि 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा. मुसलमान कुटुंबांच्या नोंदीत मुलग्यासाठी 'वल्लद' येतो. इथे 'बिन येसू' हे बाळूला लागते, सगुणेला नाही. ही गफलत नवशिक्यांकडून फार होते आणि तिच्यामुळे सून ही मुलगी होऊन वंशावळीत बसते.

तिसऱ्या पायरीवर आजच्या मराठीत अर्थ लिहावा: येसूचा मुलगा बाळू याची पत्नी सगुणा, वय अंदाजे चाळीस, ७ जून १८९७ रोजी पटकीने, म्हणजे कॉलऱ्याने, मरण पावली. या पायरीवर अनुमानही लिहिता येते, परंतु ते अनुमान आहे असे नमूद करून. सगुणेचा जन्म १८५७ च्या आसपासचा, इतके म्हणता येईल. 'अजमासे ४०' हे वय सांगणाऱ्याच्या अंदाजाचे आहे, आणि या वह्यांत मोठ्या माणसांची वये चाळीस, पन्नास, साठ अशी गोळाबेरीज करूनच येतात, म्हणून पाच-सात वर्षांचा फरक दोन्हीकडे धरावा. एका ओळीत तीन माणसे आणि दोन पिढ्या मिळाल्या. अशा नोंदीला आडनाव नसणे हेही अगदी सामान्य आहे.

तीन पायऱ्या वेगळ्या ठेवण्याचा फायदा पुढे दोन-चार महिन्यांनी दिसतो, जेव्हा दुसऱ्या नोंदीत 'बाळू' नसून 'बाबू' निघतो. पहिली पायरी हाताशी असेल तर कुठे मागे जायचे ते कळते. नुसता गोषवारा ठेवला असेल तर पुन्हा तहसीलची वारी करावी लागते.

संक्षेप आणि दंड

मोडी लेखक नेहमीचे शब्द पूर्ण लिहीत नाही. शब्दाचे पहिले अक्षर काढून त्यापुढे दोन दंड दिले की झाले: 'मौ॥' म्हणजे मौजे, 'क॥' म्हणजे कसबे, 'त॥' म्हणजे तर्फ, 'प्रा॥' म्हणजे प्रांत, 'मु॥' म्हणजे मुक्काम, 'ह॥' म्हणजे हस्ते, 'नि॥' म्हणजे निसबत, 'पै॥' म्हणजे पैकी. 'रा॥' हा मात्र जागेप्रमाणे राजश्री किंवा राहणार असा दोन्ही असू शकतो: नावाच्या आधी आला तर बहुधा राजश्री, नावानंतर येऊन पुढे गाव असेल तर राहणार. 'ता॥' हाही तारीख, तालुका किंवा तागायत होतो. अशा संक्षेपांची यादी पाठ करण्यापेक्षा त्याच वहीत तो शब्द कुठे पूर्ण लिहिला आहे का हे पाहावे. वर्षाच्या पहिल्या पानावर लेखक बहुतेक वेळा पूर्ण लिहितो आणि पुढे आखडत जातो.

आकड्यांपुढचे दंड वेगळे. तिथे एक दंड म्हणजे पाव, दोन दंड म्हणजे अर्धा आणि तीन दंड म्हणजे पाऊण. म्हणून '५॥' म्हणजे साडेपाच. जन्म-मृत्यूच्या वहीत हे क्वचित लागते, पण जमिनीच्या कागदात पदोपदी लागते, आणि तिकडे आपल्याला जायचेच आहे.

तारखा

इंग्रजी अमलातील वहीत इसवी सनाची तारीख असते, त्यामुळे तेथे फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती संस्थानी कागदांत, वतनाच्या कैफियतींत आणि घरात बासनात बांधून ठेवलेल्या जुन्या पत्रांत. तेथे चार-पाच कालगणना एकत्र नांदतात.

शालिवाहन शकात ७८ मिळवले की इसवी सन मिळतो. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. शकाबरोबर संवत्सराचे नाव असेल तर ती मोठी सोय आहे, कारण शकात १२ मिळवून ६० ने भागल्यावर जी बाकी उरते तो त्या संवत्सराचा प्रभवापासूनचा क्रमांक असतो. शिवराज्याभिषेकाचा शक १५९६. त्यात १२ मिळवून ६० ने भागले की बाकी ४८ राहते आणि अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद आहे, जे त्या प्रसंगाच्या कागदांत येते. कागद नेमका आकड्यावर फाटलेला असतो, अशा वेळी 'शके १८१_ जयनाम संवत्सरे' एवढे दिसले तरी पुरते: जय हे अठ्ठाविसावे, म्हणून शक १८१६, म्हणजे १८९४-९५.

सातारच्या छत्रपतींच्या कागदांत राज्याभिषेक शक येतो. तो १६७४ पासून मोजला जातो, म्हणून त्यात १६७३ मिळवावेत. फसली सनात ५९० मिळवावेत आणि जानेवारी ते मे या काळासाठी ५९१.

सुहूर सन सर्वांत परका वाटतो, कारण तो आकड्यांत नव्हे तर अरबी संख्यावाचकांत लिहितात आणि तेही एकम आधी, मग दहम, मग शेकडा, मग हजार. एकमाची नावे इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस, सीत, सब्बा, समान, तिसा अशी आहेत. दहा म्हणजे अशर, वीस अशरीन, तीस सलासीन, चाळीस अर्बैन, पन्नास खमसैन, साठ सितैन, सत्तर सबैन, ऐंशी समानीन, नव्वद तिसैन. शंभर म्हणजे मया, दोनशे मयातैन, हजार अलफ. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१ झाले. सुहूर सन मृगाच्या सुमारास, जूनच्या आरंभी बदलतो. म्हणून जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मेसाठी ६०० मिळवावेत. ११६१ चे १७६०-६१ होते, आणि जानेवारीतला कागद असेल तर तो पानिपतच्याच महिन्यातला. ज्या घराण्याला मूळ पुरुष पानिपतावर पडलेला हवा असतो, त्याने निदान हा हिशोब तरी स्वतः करून पाहावा.

सुहूर सनासोबत बहुधा 'छ' हे अक्षर आणि मुसलमानी महिना असतो: छ ७ रमजान, छ १२ रबिलावल. 'छ'पुढचा आकडा चांद्र तारखेचा आहे. तो शुद्ध-वद्य तिथीशी जुळवून पाहिला तर दोन्ही वाचने बरोबर आहेत की नाहीत हे कळते.

मूल कुठल्या वहीत सापडेल

जन्माच्या नोंदीत मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच. वर्दी बारशाच्या आधी दिलेली असते, म्हणून बापाचे नाव आणि 'पुरुष जात' किंवा 'स्त्री जात' एवढेच लिहिलेले असते. अशा वेळी भावंडांचा क्रम, दोन जन्मांतील अंतर आणि पुढच्या मृत्यूच्या नोंदी यांवरून कोणती नोंद कोणाची हे ठरवावे लागते, आणि लहानपणीच गेलेली जी मुले घरातल्या कोणाच्याही स्मरणात नाहीत ती इथेच प्रथम समोर येतात.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिले बाळंतपण माहेरी होते. म्हणून आजोबा घरातले थोरले असतील आणि त्यांचा जन्म आपल्या गावच्या वहीत सापडत नसेल, तर वही अपुरी आहे असे म्हणण्याआधी पणजीच्या माहेरच्या गावची वही पाहावी. तेथे नोंद बापाच्या नावाने आणि त्याच्या गावासह असू शकते, किंवा ज्याच्या घरी बाळंतपण झाले त्या आजोळच्या माणसाच्या नावाने वर्दी दिलेली असू शकते. माहेरचे गाव घरात कोणालाच आठवत नसेल, तर पणजीच्या भावाचे गाव, लग्नाच्या मुळाचे गाव, जिथल्या जत्रेला घरचे लोक हटकून जात ते गाव, अशा वाटांनी ते काढावे. बायकांच्या बाजूचा वंश या वह्यांत दुसऱ्या कुठल्याच रकान्यात येत नाही. पुरुषांच्या वंशावळी भिंतीवर टांगलेल्या घरांतही हा शोध सहसा कोणी घेतलेला नसतो.

आडनावाबद्दल हट्ट धरू नये. पाटीलकीचे किंवा कुलकर्णाचे वतन असलेल्या घरातील एक शाखा वहीत पाटील म्हणून आणि दुसरी शाखा मूळ आडनावाने येते, तर काही नोंदींत नाव आणि बापाचे नाव यांपलीकडे काहीच नसते. दोन्ही नावांखाली शोधावे आणि नुसत्या नावांच्या जोडीवरही शोधावे. नातवाला आजोबाचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे 'येसू बिन बाळू' आणि 'बाळू बिन येसू' एका आड एक पिढीत येत राहतात, म्हणून साल न पाहता जोडलेली साखळी हमखास तुटते.

मृत्यूच्या कारणाचा रकाना वाचायला सोपा असतो, कारण शब्द मोजकेच: ताप, पटकी, देवी, हगवण, म्हातारपण. १८९६ नंतर त्यात प्लेग येतो आणि १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस इन्फ्लुएंझाची साथ, जिला लोक मानमोडी म्हणत. साथीच्या आठवड्यांत नोंदी दाटीने येतात, हात घाईचा होतो आणि रकाने मोकळे राहतात. अशा पानावर वाचन दुप्पट काळजीने करावे आणि एकाच घरातील तीन-चार मृत्यू लागोपाठ आले तर ती नोंद दोनदा झाली असे चटकन मानू नये.

आणेवारीने पडताळा

नोंदवहीतून उभी केलेली शाखा जमिनीच्या कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय पक्की मानू नये. कडई पत्रक, हक्क नोंदणीचे पत्रक आणि जुने फेरफार यांत खातेदारांची नावे हिश्श्यांसह असतात, आणि हिस्सा आण्यांत लिहिलेला असतो. सगळी जमीन म्हणजे सोळा आणे. दोन भावांची वाटणी झाली की आठ-आठ आणे, तिघांची झाली की पाच आणे चार पै. आता एखाद्यापुढे 'दोन आणे आठ पै' असा आकडा दिसला तर तो वाटेल तसा आलेला नाही: आण्याच्या बारा पै, म्हणून आठ आण्यांच्या शहाण्णव पै झाल्या आणि त्यांचा तिसरा हिस्सा बत्तीस पै, म्हणजेच दोन आणे आठ पै. याचा अर्थ मूळ पुरुषाला दोन मुलगे होते आणि त्यांपैकी एकाला तीन, किंवा मूळ पुरुषाला तीन मुलगे होते आणि त्यांपैकी एकाला दोन; यांतले कोणते ते इतरांच्या हिश्श्यांवरून कळते. पहिला प्रकार असून नोंदवहीत त्या शाखेला दोनच मुलगे मिळाले असतील, तर तिसरा शोधायचा राहिला आहे, किंवा तो दत्तक गेला आहे, किंवा निपुत्रिक वारला आणि त्याचा हिस्सा नंतर फिरला आहे. फेरफाराच्या नोंदीत तेही बहुधा सापडते. खरेदी आणि गहाण यांनी हिस्से बदलतात, म्हणून जितका जुना कागद तितकी ही बेरीज-वजाबाकी चोख बसते.

याच कागदांत, विशेषतः बाळबोध सुरू झाल्यानंतरच्या नोंदींत, 'ए. कु. मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर आणि 'अ. पा. क.' म्हणजे अज्ञान (वयात न आलेल्या) मुलाचा पालनकर्ता असे संक्षेप येतात. ए. कु. मॅ. असलेला माणूस बहुधा थोरला भाऊ असतो, अ. पा. क. असेल तर त्या सालापर्यंत बाप वारलेला आहे हे बऱ्याच वेळा कळते, आणि मृत्यूची वही कोणत्या सालापासून मागे चाळायची ते ठरते.

शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा जरूर काढावा, मात्र त्यातील जन्मतारखेवर विसंबू नये. १ जून या तारखेला जन्मलेले इतके आजोबा या दोन जिल्ह्यांत आहेत की ती तारीख पावसाळ्याआधी शाळा भरण्याची आहे, हे कोणाच्याही ध्यानात यावे. शाळेच्या उताऱ्याचा खरा उपयोग पूर्ण नाव, आडनाव आणि गाव यांची एकत्र नोंद मिळण्यात आहे.

आपण केलेले लिप्यंतर घरच्या माहितीपुरते आहे. दाखल्यासाठी, वारसाच्या कामासाठी किंवा कोर्टात दाखल करण्यासाठी मोडी कागदाचे लिप्यंतर अधिकृत मोडी वाचकाकडूनच करून घ्यावे लागते. त्या वेळी त्याच्यापुढे आपला गोषवारा न ठेवता मूळ कागद ठेवावा, म्हणजे त्याचे वाचन स्वतंत्र राहते आणि आपल्या वाचनाचीही परीक्षा होते. वहीत दत्तकाच्या, पाटाच्या (पुनर्विवाहाच्या) किंवा अनौरस संततीच्या नोंदी निघाल्या तर त्या भावकीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापूर्वी ज्या शाखेची ती गोष्ट आहे त्या शाखेतल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे.

गावच्या वह्या एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या मागे जात नाहीत, आणि पुष्कळ गावांत त्याही मधल्या वर्षांच्या गहाळ आहेत. त्यामागचा शोध वतन किंवा इनाम असलेल्या घराण्यांना पुण्याच्या पुराभिलेखागारात, पेशवे दफ्तर आणि इनाम कमिशनच्या रुमालांत (कागदांच्या गाठोड्यांत) घेता येतो, कारण इनामाची चौकशी झाली तेव्हा अनेकांनी आपल्या वंशावळी लिहून दिल्या होत्या. त्या हक्क सिद्ध करण्यासाठी दिलेल्या आहेत हे वाचताना विसरू नये. हक्काच्या आड येणारा चुलता अशा कागदातून सहज गळतो. ज्यांच्याकडे वतन नव्हते त्यांना नाशिक-त्र्यंबक आणि पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या बह्या उरतात. तेथे यात्रेला गेलेल्या पूर्वजाने आपले, बापाचे, आजाचे आणि भावांचे नाव लिहवून ठेवलेले असते. बही गाव आणि आडनाव यांच्या क्रमाने लावलेली असते, म्हणून जाताना गावाचे जुने पूर्ण नाव, तर्फेसह, आणि नोंदवहीतून पक्की झालेली सर्वांत जुनी तीन नावे कागदावर लिहून न्यावीत.